चला मांजरीला, जातं शोधायला!

दोस्तांनो, पुणे स्टेशनवरून दौंडकडे जाणारी पॅसेंजर पकडा. हडपसर मागे पडलं की मांजरी बुद्रुक येतं. (नाव ऐकून हसू नका, इथे मांजरांचं राज्य वगैरे नाही!) मुळा-मुठा नदीच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच, आणि तिथल्या एका बिनबियांच्या द्राक्षाचं नावच 'मांजरी नवीन'. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. आता उंच इमारतींची दाटी झाली आहे.

पण आज द्राक्षं राहू द्या. जुन्या वस्तीत शिरा आणि अंगणांकडे नीट बघत चला. कुठे तुळशीजवळ, कुठे पायरीच्या कडेला एखादा गोल दगड दिसतो का? मधोमध भोक, कडेला खुंटा बसवायची खाच. दिसला? ते जातं!

गावोगाव विजेची गिरणी येण्याआधी भाकरीचं पीठ घरीच दळावं लागे. बायका भल्या पहाटे उठत. मूठभर ज्वारी नाहीतर बाजरी जात्याच्या तोंडात टाकायची. या मुठीला 'वैरण' म्हणतात. मग खुंटा धरून गरगर फिरवायचं. दोघी असल्या तर समोरासमोर बसून. हात भरून येत. त्या फिरण्याच्या ठेक्यावर ओवी सुरू होई.

आणि ओवीत काय नसे! माहेर, भाऊ, लेकरं, पाऊस, विठोबा. मांजरीजवळून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने तुकोबांची पालखी पंढरीला जाते ना, ती वारीही ओव्यांत येते. पण एक गंमत बघा. लहान वयात लग्न होऊन आलेल्या सुनेने दिवसा "मला इथे फार त्रास होतो" म्हटलं असतं, तर घरात केवढं भांडण झालं असतं! तीच गोष्ट पहाटे जात्यावर गायली तर? ती नुसती ओवी! कुणी रागवायचं कारणच नाही. बायका जात्यालाच देव मानून त्याच्याशी बोलत. शिवाय तीच ओवी पलीकडच्या घरातली बाईही गात असे. म्हणजे हे दुःख माझ्या एकटीचं नाही, हे न सांगता कळे. ओवीने सासुरवास संपत नसे, हे खरं. दळणही तेवढंच उरे. छाती मात्र हलकी होई.

हल्ली मन फार जड झालं तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत फोन आहे, मराठीतही बोलता येतं. त्या सुनेकडे होतं ते जातं.

गिरण्या आल्या, हातांचे कष्ट वाचले. फार बरं झालं! पण बायकांची ही बोलायची जागाही गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइतवाँ यांनी हे ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांत बायका बाबासाहेब आंबेडकरांविषयी गातात. म्हणजे ओवीत रडगाणंच असतं असं मुळीच नाही, अभिमानही असतो. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या ऐकायला मिळतात. आईबाबांबरोबर जरूर ऐका.

बरं, मांजरीत जातं सापडलं, तर त्या घरातल्या आजीला हाक मारा. वही-पेन्सिल आधीच बाहेर काढू नका, आजी लाजेल. "आता कुठं आठवतंय, बाळा," असंही म्हणेल. हट्ट नको. लग्नाच्या आधी हळद दळायला अजून कित्येक घरांत जातं मांडतात, तेवढं विचारा. सांगता सांगता आजीचा हात आपोआप गोल फिरू लागला, की तुम्ही गप्प बसायचं!