क्लेम त्याच्या खात्यात

मुलीच्या ऑपरेशनचं बिल मी भरलं आणि कोर्टात ते तिच्या बाबाने केलेला खर्च म्हणून दाखल झालं. बरेच महिने झाले, तरी तो कागद आठवला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

आम्ही वेगळे राहतो. मी सांगलीला माहेरी, माझ्या वडिलांकडे म्हणजे आप्पांकडे; तो पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. कारणं सांगत बसत नाही. मुलगी आठ वर्षांची, माझ्याजवळ असते. मी शिकवते त्या क्लासमध्ये विमा वगैरे काही नाही. त्याच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे आणि मुलगी जन्मल्यापासून तिचं नाव त्यात आहे. त्यामुळे दवाखान्याची काळजी मी कधी केलीच नव्हती.

एका रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात उजवीकडे हात लावू देईना. आप्पांनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली आणि आम्ही मिरज गाठली. आमच्या भागातली माणसं अवघड दुखण्याला मिरजेलाच धावतात, तशी आम्हीही धावलो. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं. सकाळी ऑपरेशन करायचं ठरलं.

‘कॅश की कॅशलेस?’ काउंटरवरच्या मुलाने विचारलं. मी कॅशलेस म्हटलं. त्याने ई-कार्ड मागितलं. माझ्या मोबाईलमध्ये होतं ते मागच्या वर्षीचं, मुदत संपलेलं. मग एम्प्लॉयी आयडी मागितला, मग तिच्या बाबाचं ओळखपत्र. यातलं माझ्याकडे काय असणार? मी फोन लावले, त्याने उचलले नाहीत. आप्पांच्या कार्डावर ३० हजार डिपॉझिट भरून ॲडमिशन झाली.

फोन न उचलल्याचा माझा राग नाही. रात्री दीड वाजता माणूस झोपलेला असतो. माझा राग सकाळी नऊच्या बोलण्याचा आहे. नऊला त्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. अचानक भरती करावं लागलं तर विमा कंपनीला चोवीस तासांत कळवलं तरी चालतं, हेही सांगितलं. काउंटरवरच्या त्या मुलानेच मला ते दोनदा बजावलं होतं. विमा नियामकाने तर २०२४ साली नियमच केलाय, कॅशलेसच्या अर्जाला तासाभरात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याने फक्त कार्डाचा फोटो आणि आयडी पाठवायचा होता. ‘आत्ता मीटिंग आहे. तू भर, नंतर रिइम्बर्समेंट करू,’ तो म्हणाला.

संध्याकाळी तो आला. मुलीजवळ रात्रभर बसला, दुसऱ्या दिवशी तिला धरून हळूहळू चालवलं, तिचे केस विंचरले. हे मी नाकारत नाही. पण त्या दोन दिवसांत त्याने काउंटरवर जाऊन कार्ड दाखवलं नाही. बिल ८४ हजार झालं. आप्पांनी मुदत ठेव मोडली.

आता रिइम्बर्समेंटचं सांगते, कारण ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांना ते कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. एक हॉस्पिटल भरतं. दुसरा विमाधारक भरतो आणि ग्रुप पॉलिसीत तो म्हणजे कर्मचारी. बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळं मूळ लागतं. रद्द केलेला चेक लागतो, तोही कर्मचाऱ्याचाच. म्हणजे पावत्या माझ्या हातात, पॉलिसी त्याच्या हातात आणि पैसे कोणी भरले हे विचारणारा रकाना कुठेच नाही. मी मूळ पावत्या स्पीड पोस्टाने पाठवल्या. पाठवल्या नसत्या तर क्लेमच झाला नसता.

त्याच्या कंपनीच्या एचआरला मी फोन केला. बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, आम्ही क्लेमबद्दल कर्मचाऱ्याशिवाय कोणाला काही सांगू शकत नाही. त्याला विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर यायचं.

मग पोटगीच्या अर्जाची तारीख लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिल्यापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने दिलं, सोबत बँकेचं स्टेटमेंट. माझ्या वकीलबाईंनी पान उलटताना बोट ठेवलं. विमा कंपनीकडून ७६ हजार जमा. तारीख बघितली तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ हा शेवटचा मेसेज त्यानंतरचा. आणि त्याच्याच लेखी उत्तरात ओळ होती की मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने ७६ हजार खर्च केले असून ते अंतरिम पोटगीतून वळते करून मिळावेत.

आप्पांची मोडलेली ठेव त्याच्या नावावर खर्च म्हणून चढली होती. विमा कंपनीने आमची भरपाई त्याला दिली आणि तीच भरपाई त्याने मुलीला दिलेली पोटगी म्हणून दाखवली. एकच रक्कम, ती आम्ही भरली, त्याने घेतली आणि वर तिचीच वजावट मागितली. वकीलबाई म्हणाल्या, असं पुष्कळ प्रकरणांत होतं. मला त्या वाक्याने जास्तच वाईट वाटलं. पुष्कळांच्या बाबतीत होतं, तर विमा कंपन्यांना फॉर्मवर एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? पावतीवर बिल भरणाऱ्या पालकाचं नाव असतं, त्याचं खातं असतं. कर्मचाऱ्याची संमती घ्या आणि पैसे तिकडे पाठवा.

कोर्टाने वजावट नाकारली. पण ते ७६ हजार अजून आलेले नाहीत.

तेव्हा मी ठरवलं, याच्या विम्याचा एक रुपया नको. मुलीची आणि माझी वेगळी पॉलिसी काढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेल्यामुळे हप्ता थोडा आवाक्यात आला. पण नवी पॉलिसी म्हणजे पहिले तीस दिवस अपघात सोडून काही नाही, आणि टॉन्सिल्ससारख्या ठराविक आजारांना दोन वर्षं थांबायचं. मुलीला टॉन्सिल्सचा त्रास आहे. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा ही थांबण्याची अट नसते. आणि त्याच सुमाराला त्याचा मेसेज आला, ‘तू तुझी घेतली आहेस, तर या रिन्युअलला तिचं नाव काढतो.’ कंपनीची नावनोंदणीची मुदत वर्षातून एकदाच उघडते. ती गेली की मधेच मुलाचं नाव सहसा घालता येत नाही.

एक रुपया नको म्हणणारी मी, दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंकडे गेले आणि नाव काढू नये म्हणून अर्ज करायला लावला. वेगळं राहणाऱ्या सगळ्या आयांना मी हेच सांगते. स्वतःची पॉलिसी काढाच, पण वडिलांच्या पॉलिसीवरचं मुलाचं नाव सोडू नका. दर रिन्युअलला नवं ई-कार्ड लेखी मागा. पावत्या पाठवण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढा.

अर्ज सुनावणीला यायच्या आतच त्याने नोकरी बदलली. नव्या कंपनीत त्याने आपणहून मुलीचं नाव घातलं आणि ई-कार्ड पाठवलं, मला नाही, आप्पांना. मी ते बघितलं आणि मला खरंच बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला. अजून मला नक्की सांगता येत नाही की तो माणूस तेव्हा पैशासाठी तसा वागला की मला हरवण्यासाठी.

आता परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अटी लिहिणं चालू आहे. मुलगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत नाव त्याच्या पॉलिसीत राहील, हे त्याला मान्य आहे. दरवर्षी कार्ड पाठवेन, हेही मान्य आहे. क्लेमची रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत, बिल ज्याने भरलं त्याच्या खात्यात जाईल, या ओळीवर तो अडलाय. त्याचं म्हणणं, यातून त्याच्यावर अविश्वास दिसतो. मी वकीलबाईंना सांगितलंय, बाकीचं काय वाटेल ते बदला, ती ओळ तशीच राहू द्या, आणि तिच्याखाली आप्पांचे ७६ हजारही लिहा.