सायकलवरून दासगांवास

पुण्याहून महाडकडे जावयाचें तर ताम्हिणीचा व वरंध घाटाचा असे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांतील दुसरा मीं गेल्या माघांत सायकलवरून एकट्यानें आक्रमिला. महाडपासून मुंबईच्या बाजूस आठ-नऊ किलोमीटरांवर, सावित्रीच्या कांठीं दासगांव आहे. तेथें माझी आत्या राहते. वय चौऱ्यांशी, घरांत एकटी, आणि घराच्या पाठीशीं डोंगर. २०२१ च्या जुलैंत याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, तेव्हांपासून आत्येला पुण्यास आणावें असें आमच्या घरांत चाललें आहे. फोनवर ती दर वेळीं "बघूं" म्हणते. तेव्हां तिच्या ओटीवर बसूनच हा प्रश्न काढावा असें ठरलें, व तें काम मजकडे आलें.

सायकल कशासाठीं, असें घरच्या मंडळींनीं विचारलेंच. मोटारीनें जाणारा मनुष्य निरोप्यासारखा असतो. दोन तास बसतो, चहा घेतो व घड्याळ पाहतो. दिवसभर पाय मारून आलेल्यास मुक्काम करणें भागच असतें, आणि वृद्ध माणसांच्या मनांतलें बोलणें बहुधा रात्रीं जेवणें झाल्यावरच बाहेर येतें. शिवाय अंतर तरी कितीसें? सुमारें १३० किलोमीटर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनीं २०१८ सालीं सायकलवरून १५९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्यांच्यापुढें माझा प्रवास म्हणजे अंगण ओलांडणें होय.

पहांटे पांचास निघून कात्रजचा चढ थंडींतच संपविला. कापूरहोळास सातारा रस्ता सोडला व न्याहारीच्या वेळीं भोर गांठलें. भोरच्या पुढें नीरा-देवघर धरणाचें पाणी रस्त्याची सोबत करतें. येथें रहदारी तुरळक. चाकाचा आवाज तेवढा ऐकूं येतो. घाटांत वाघजाईच्या देवळाशीं पोंचल्यावर एकाएकीं सारें कोंकण पायांखालीं पसरतें. नवख्यास पुढचा उतार सुखाचा वाटेल, परंतु खरी परीक्षा उतारावरच आहे. ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते. म्हणून पुढचा व मागचा ब्रेक आळीपाळीनें वापरावा, आणि मधून मधून थांबावें. असें थांबतां थांबतां डोंगराच्या ओरखडलेल्या बाजू दिसतात. पावसाळ्यांत हा घाट वारंवार बंद कां ठेवावा लागतो, हें मग कोणी सांगावें लागत नाहीं.

घाट उतरल्यावर शिवथरघळीकडे वाट फुटते. समर्थांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, ती ही जागा, अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ पुन्हां उजेडांत आणली. तेथें न वळतां बिरवाडीवरून महाडकडे निघालों. या भागांत सावित्रीचें नांव ऐकतांच लोकांस २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते. महापुरांत इंग्रजी अमदानींतील जुना पूल खचला व दोन एस.टी. गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्यें खुला झाला. पुढें गंधारपाल्याचीं लेणीं दिसलीं, आणि दिवस मावळण्यापूर्वीं दासगांव आलें.

आज येथें गाड्या भरधांव निघून जातात, परंतु एके काळीं हें गजबजलेलें बंदर होतें. बाणकोटच्या खाडींतून भरतीच्या पाण्यावर गलबतें व बोटी येथपर्यंत येत. २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'पद्मावती' बोटीनें सहकाऱ्यांसह येथेंच उतरले व महाडपर्यंत सुमारें पांच मैल मिरवणुकीनें पायीं गेले. त्याच वर्षीं २० मार्चला त्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें होतें. डिसेंबरच्या परिषदेंत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे आपल्याच समाजांतले. तळ्याचा दावा १९३७ सालीं मुंबई हायकोर्टांत अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूनें निकालास लागला.

रात्रीं आमटीभात झाल्यावर आत्या म्हणाली, "मामंजी याच ओटीवरून ती मिरवणूक पाहत उभे होते. खालीं उतरून नमस्कार करावा असें मनांत आलें, पण उतरले नाहींत. मरेपर्यंत तें बोलून दाखवीत. हें सांगायला या ओटीवर कोणी नको कां रे?"

मीं विचारलें, "आणि डोंगर?"

ती गप्प राहिली. २००५ च्या जुलै अखेरच्या अतिवृष्टींत खुद्द दासगांवावर दरड आली होती. जुई, रोहण, कोंडिवते या गांवींही तोच प्रसंग झाला. कातळावर झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. दिवसानुदिवस पाऊस मुरला कीं तो थर जड होऊन निसटतो. त्या वेळीं गेलेलीं माणसें आत्येच्या ओळखीचीं होतीं. हें सारें ती मजपेक्षां अधिक जाणून होती.

पुष्कळ वेळानें ती म्हणाली, "घर विकायचें नाहीं, हें आधीं कबूल कर." मीं कबूल केलें. "मग आषाढ लागला कीं मला घेऊन जा. पण गणपति याच घरीं बसेल, आणि त्याला तुम्हीं सगळ्यांनीं यायचें."

पुण्यास आम्ही दोनच पर्याय मानीत होतों: तिनें कायमचें यावें किंवा तेथेंच राहावें. तिसरा तिनें काढला. दरडीचें भय मुख्यत्वें पावसाच्या दोन महिन्यांचें, घर मात्र बारा महिन्यांचें, हा तिचा हिशेब आम्हां शिकलेल्यांस सुचला नव्हता. ज्यांच्या घरचीं वडील माणसें अशीं गांवीं एकटीं आहेत, त्यांनीं एकदां तरी सवडीनें जावें, रात्रीं राहावें व आपलें म्हणणें मांडण्यापूर्वीं त्यांचें ऐकावें. वाहन कोणतेंही असो, परतण्याची घाई मात्र बरोबर नेऊं नये.