रांगेत थांबलेले निरोप

सुरू करणं सोपं असतं, थांबवणं अवघड. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले तेव्हा हे वाक्य मी स्वतःपुरतं म्हणत असे. गेली काही वर्षं ते एका यंत्राबद्दल म्हणते आहे.

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं लिनक्सच्या सर्व्हरबद्दल लिहावं, हे काही जणांना गमतीचं वाटेल. वाटू दे. आमच्या गावात रक्तदात्यांचं एक छोटं मंडळ आहे. कुणाला कोणतं रक्त हवं हे कळलं की त्या गटाच्या दात्यांना मोबाइलवर मराठीत निरोप जातो. मजकूर लिहायला मंडळानं मला बोलावलं. निरोप पाठवणारं यंत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं उभं केलं होतं. पुढे नोकरीनिमित्त तो परगावी गेला आणि जाताना मला म्हणाला, "बाई, रोज संध्याकाळी एकदा याच्याकडे बघत जा. काही अडलं तर थांबवायचं आणि परत सुरू करायचं, एवढंच." हे 'एवढंच' केवढं असतं ते मला नंतर कळलं.

या प्रणालीचं नाव कॅनेल. आधी मला ते 'कॅनॉल' ऐकू आलं. माझं माहेर नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, त्यामुळे कॅनॉल म्हटलं की डोळ्यांपुढे पाट, चाऱ्या आणि पाटकरी येतात. पण हे कॅनेल फिनलंडचं. १९९९ साली हेलसिंकीच्या वॅपिट नावाच्या कंपनीत ते सुरू झालं. ते लिहिणाऱ्यांत प्रमुख होते लार्स वीर्झेनियस, म्हणजे लिनक्सच्या लिनस टोर्वाल्ड्स यांचे विद्यापीठातले मित्र. पुढे कंपनी बुडाली, पण कॅनेल सर्वांसाठी खुलं असल्यामुळे टिकलं. हेलसिंकीत लिहिलेल्या प्रणालीतून आमच्या तालुक्यातले निरोप जातात, याचं मला अजून नवल वाटतं.

गंमत म्हणजे माझी कालव्याची उपमा अगदीच चुकली नाही. कॅनेलमध्ये मुख्यतः दोन कामकरी असतात. एकाचं नाव बेअररबॉक्स. त्याचं नातं मोबाइल कंपनीच्या निरोप केंद्राशी. दुसरा एसएमएसबॉक्स. तो आमच्याकडून मजकूर घेतो आणि बेअररबॉक्सच्या हवाली करतो. सुरू करताना बेअररबॉक्स आधी, एसएमएसबॉक्स नंतर. मुख्य पाटाला पाणी नसताना चारीचं दार उघडून काय उपयोग? थांबवताना बेअररबॉक्स जाण्याआधी एसएमएसबॉक्सलाही तसं कळवतो. नोंदवहीत, म्हणजे ज्याला ही मुलं लॉग म्हणतात त्यात, तेव्हा इंग्रजीत एक ओळ उमटते. तिचा अर्थ असा की बेअररबॉक्सनं आम्हांला मरायला सांगितलं आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दचकलेच.

थांबवण्याचेही प्रकार आहेत, आणि इथेच मी रमले. एका प्रकारात बाहेरून येणारं घेणं बंद होतं, पण आत आलेल्याची वासलात लावणं चालू राहतं. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी गोठतं. तिसरा प्रकार म्हणजे शटडाउन. त्यात तो नवीन काही घेत नाही, हातातली रांग संपवतो आणि मगच उठतो. पण शटडाउन दुसऱ्यांदा सांगितलं, तर रांग असेल तशी ठेवून उठतो. या सगळ्यांपलीकडे लिनक्सचं शेवटचं हत्यार आहे, किल मायनस नाइन. त्यात ऐकून घ्यायलाही सवड नाही. चालू वाक्याच्या मध्यावर माणसाचा गळा आवळावा तसं ते आहे.

नीट थांबण्यात एक शिष्टाचारही असतो. मोबाइल कंपनीच्या केंद्राशी जोडताना 'बाइंड' करतात आणि निघताना 'अनबाइंड'. मधल्या वेळात दोन्ही बाजू अधूनमधून एकमेकींना विचारत राहतात, जागे आहात ना? आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. अनबाइंड म्हणजे मला ते 'येतो' वाटतं. ते न म्हणता उठलं तर पलीकडचा समजतो की पाहुणा अजून ओट्यावरच बसला आहे. मग तोच पाहुणा पुन्हा दाराशी आला तर त्याला उत्तर मिळतं, तुम्ही तर आधीच आत आहात!

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यातली एक रात्र.

त्या संध्याकाळी वीज गेली. बॅटरी जुनी झालेली, तिनंही दगा दिला आणि सर्व्हर धाडकन बंद पडला. पावणेआठच्या सुमाराला वीज आली, यंत्र उठलं, कॅनेलही उठलं. आठ वाजता इस्पितळातून फोन आला. बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, बी निगेटिव्ह हवं, दोन दाते तरी पाठवा. आमच्याकडे कामाला येणारा कॉलेजचा मुलगा तिथेच होता. त्यानं शेचाळीस दात्यांना निरोप सोडले आणि "गेले बाई!" म्हणाला.

मी पडद्याजवळ जाऊन उत्तर वाचलं. एरवी तिथे शून्य आकडा असतो आणि पुढे 'अ‍ॅक्सेप्टेड फॉर डिलिव्हरी'. त्या दिवशी तीन आकडा होता आणि पुढे 'क्यूड फॉर लेटर डिलिव्हरी'. म्हणजे निरोप गेले नव्हते, रांगेत उभे होते. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्याचा एक फायदा असा की प्रत्येक शब्द वाचायची सवय लागते.

स्थितीच्या पानावर जोडणीपुढे 'रीकनेक्टिंग' दिसत होतं. पलीकडे आमचा जुना पाहुणा ओट्यावर होताच. त्या मुलानं तरुण माणूस करतो तेच केलं. रीस्टार्ट, पुन्हा रीस्टार्ट, असं पाच वेळा. अडचण पलीकडच्या दाराशी, आणि आम्ही आमचंच दार उघडत-लावत बसलो होतो. शिवाय आमच्या कॅनेलमध्ये पोचपावत्यांची टिपणं फक्त यंत्राच्या स्मरणात असतात. ती वीज जातानाच पुसली गेली होती, उठल्यानंतर जी थोडी जमली असतील तीही प्रत्येक रीस्टार्टला गेली. निरोप तेवढे बरे, ते डिस्कवर साठवलेले होते. सहाव्यांदा त्याचा हात किल मायनस नाइनकडे वळला तेव्हा मी म्हटलं, "थांब. रागानं यंत्र सुधारत नाही. दोघं मिळून फोन करू."

मी वही काढली. आम्ही एकेक नंबर लावत गेलो. कुणी उचलला नाही, कुणी गावाला, कुणी महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. रक्त दिल्यावर पुरुषानं तीन महिने आणि बाईनं चार महिने थांबायचं असतं. साडेनऊपर्यंत दोन जण इस्पितळात पोचले. गरज भागली. एवढ्यात परगावच्या माझ्या विद्यार्थ्याचा फोन लागला. त्यानं सांगितलं, "बाई, कॅनेलला हात लावू नका. फक्त ती एक जोडणी थांबवा. पंधरावीस मिनिटं दार वाजवूच नका. पलीकडची जुनी जोडणी कंटाळून सुटेल. मग सुरू करा." पूर्ण यंत्र बंद न करता तेवढी एकच चारी बंद करायची आज्ञाही त्यात आहे, हे मला त्या रात्री कळलं.

आता खरा पेच उभा राहिला. जोडणी सुरू झाली की रांगेतले शेचाळीस निरोप धडाधड सुटणार. रात्री दहा-साडेदहाला लोक ते वाचणार, पावसात गाडी काढणार, इस्पितळात येणार आणि तिथे त्यांना कळणार की गरज नाही. आलोच आहोत तर देऊन जाऊ, असं म्हणून कुणी रक्त दिलं, तर पुढचे तीन महिने तो दाता आमच्या हाती नाही. बी निगेटिव्हचे दाते आधीच थोडे. आणि एकदा उगाच धावलेला माणूस पुढच्या निरोपाला धावेलच असं नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटली.

मी म्हटलं, "ते निरोप काढून टाकूया."

फोनवर जरा शांतता. मग तो म्हणाला, "बाई, तुम्हीच शिकवलंत की, पोस्टमननं पत्र फाडायचं नसतं. यंत्राचा सगळा भरवसा यावर आहे की आत आलेला निरोप हरवत नाही. वीज गेली तरी राहावा म्हणूनच तो साठवतात. एकदा जास्त गेला तरी चालेल, पण हरवायला नको, असंच हे बनवलेलं आहे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रांगेतल्या निरोपाला हात लावायची सवय लागली तर उद्या कुणाचा कुठला निरोप कोण काढेल? पण मला दुसरी बाजूही दिसत होती. मी म्हटलं, "अरे, पोस्टमननं फाडू नये हे खरं. पण इथे पत्र लिहिणारेही आपणच आहोत. लिहिणाऱ्याला आपलं पत्र मागे घ्यायचा हक्क असतो. आणि साडेदहाला पोचलेला हा निरोप आता खरा राहिलेला नाही."

तो म्हणाला, "मग मंडळाच्या चिटणीसांना विचारा. माझ्या एकट्याच्या अधिकारात नाही ते." ते मला फार आवडलं. चिटणीसांना उठवलं, त्यांनी होकार दिला.

पण रांगेत चौसष्ट निरोप होते. उरलेले अठरा दुसऱ्याच कामाचे होते. एका रुग्णासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटलेट्स द्यायला या, असे. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दात्याला वेळेवर बोलवावंच लागतं. म्हणजे सगळी रांग झाडून टाकणं हाही मार्ग नव्हता. आमच्याकडे प्रत्येक निरोपाची वेगळी फाइल असते. त्यानं दुरून कॅनेल नीट थांबवलं, दोनदा शटडाउन सांगून. मी यादी वाचत गेले, तो एकेक फाइल बाजूला करत गेला. पुसली नाही, फक्त बाजूला ठेवली. गठ्ठ्यातून दोन तुकड्यांचे पेपर वेगळे करावेत तसं ते काम चाललं होतं. मग बेअररबॉक्स सुरू केला, मागोमाग एसएमएसबॉक्स. जोडणीपुढे 'ऑनलाइन' आलं आणि अठरा निरोप सरळ निघून गेले. बाळंतीण आणि बाळ दोघंही सुखरूप घरी गेली. प्लेटलेट्सचे दातेही सकाळी आले.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक निरोपाला मुदत घातली. इतक्या मिनिटांनंतर पोचवायचा प्रयत्न करू नका, असं केंद्राला सांगता येतं. दुसरी माझ्या हातातली होती. मजकुरातच 'आज रात्री ९ पर्यंतच' असे शब्द घालायचे.

यात मराठीची एक अडचण आहे. इंग्रजी निरोपात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. लांबला तर त्याचे सदुसष्टाचे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे पडतात. शिवाय यंत्र काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. 'विद्यार्थी' आपल्याला तीन अक्षरी वाटतो, यंत्राला तो दहा अक्षरी. आमचा मजकूर चौसष्टाचा होता. हे शब्द आधीच्या रिकाम्या जागेसकट वीस झाले. चौऱ्याऐंशी. मी सुरुवातीचं 'आदरणीय रक्तदाते,' काढलं, सतरा वाचले, सदुसष्टात बसवलं. आदर कमी झाला अशी चिटणीसांची तक्रार होती. मी म्हटलं, वेळ सांगणं हाच आदर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांमुळे असा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात वेळेपुरती मोकळी जागा ठेवायची असते. तेही केलं. नवी बॅटरीही घेतली.

मंडळी, मी पुष्कळ विचार केला तो यंत्राचा नव्हे, निरोपांचा. आपण म्हातारी माणसं पुष्कळ निरोप रांगेत ठेवतो. कुणाला समजावून सांगायचं राहिलेलं असतं, कुणाचे आभार मानायचे, कुणाला चार शब्द सुनवायचे. कधी तरी जोडणी होते आणि सगळे एकदम सुटतात. ऐकणारा गोंधळतो, कारण त्याच्या लेखी ती गरज केव्हाच संपलेली असते. मी आता अधूनमधून माझीही यादी वाचते. काही निरोपांची मुदत टळून गेली आहे, ते बाजूला ठेवते. पुसत नाही. काही मात्र अजून खरे आहेत. कालच त्यातला एक फोन लावला. माझ्या धाकट्या बहिणीला. आम्ही चार वर्षं बोललो नव्हतो.

तिनं उचलला. पहिल्यांदा दोघीही गप्प होतो. मग ती म्हणाली, "बोल ना ताई, ऐकतेय."