जमा बर्फ, नावे पाणी

मनुष्यप्राण्याला स्वतः लढण्यापेक्षा दुसऱ्या दोघांची झुंज लावून देण्यात अधिक गोडी वाटते. पूर्वी लोक कोंबडे झुंजवीत. आमच्या दारव्ह्यातले पोट्टे कॉमिक्समधले वीर झुंजवतात. यात कोंबड्याला दाणे घालावे लागत नाहीत, आणि हरलेला कोंबडा कुणाच्या रश्श्यात गेला यावरून भांडणही होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की वीरसुद्धा हवामान पाहून निवडले जातात. एक पाण्याचा, एक बर्फाचा.

"काका, ॲक्वामॅन अन् आइसमॅनची लागली त कोन जिंकन?"

बँकेतल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, असा लहान मुलांचा समज असतो. मोठ्यांचा नसतो, कारण ते काउंटरवर येऊन गेलेले असतात.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. १९६४ साली सुरू झालेली आणि १९९० साली बंद पडलेली इंद्रजाल कॉमिक्स वाचून आम्ही वाढलो. त्यातल्या वेताळाला ना पाणी फेकता येई, ना बर्फ. तो सरळ ठोसा मारी आणि जबड्यावर कवटीची खूण उठे. हिशोब तिथल्या तिथे पुरा! पाण्याची लढाई पाहिली ती १९८८ सालापासून, दूरदर्शनच्या महाभारतात. इकडून अग्नीचा बाण, तिकडून पाण्याचा, दोन्ही हवेत समोरासमोर येऊन थांबत आणि आपण चहा संपवेपर्यंत विचार करीत.

साहेबाच्या देशात मात्र हे खातं फार जुनं. नेमोर हा पाण्यातला राजा १९३९ सालचा, ॲक्वामॅन १९४१ सालचा. बर्फवाला आइसमॅन १९६३ साली आला. नेमोर आणि आइसमॅन एका कंपनीचे, ॲक्वामॅन दुसरीचा. दोन्ही कंपन्यांनी १९९६ साली एकत्र येऊन आपापले वीर झुंजवले, तेव्हा ॲक्वामॅनने नेमोरच्या अंगावर एक अजस्र किलर व्हेल पाडून निकाल लावला. पाण्याच्या दोन राजांचं भांडण शेवटी वजनावर मिटलं. आमच्याकडे वेगळं काय होतं?

पण पोट्ट्यांचा प्रश्न पाणी विरुद्ध बर्फ असा होता. मी विचारलं, "लढाई कुठं आहे? समुद्रात की दारव्ह्यात?"

समुद्रात असेल तर आइसमॅनची पंचाईत आहे. खारं पाणी शून्याला गोठत नाही, उणे दोनच्या जवळ न्यावं लागतं. बरं, गोठवलं तरी बर्फ तरंगतो. म्हणजे वर बर्फाचं झाकण आणि खाली ॲक्वामॅन माशांबरोबर खुशाल. शत्रूला कोंडायला गेला आणि त्याच्या घरावर स्लॅब टाकून आला!

आणि लढाई दारव्ह्यात असेल तर? मी पडलो बी. कॉम. जमेच्या बाजूला काही दिसलं की नावेची बाजू पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. दहा लिटरची बादली घ्या. पाणी तीस अंशांचं धरा, (मे महिन्यात नळाचं पाणी एवढं सभ्य नसतं, पण धरा.) त्याचा बर्फ करायचा तर अकराशे किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. तेवढ्या उष्णतेत तसंच दुसरं पंधरा लिटर पाणी उकळीला येतं. ही उष्णता आइसमॅन ठेवतो कुठे? चित्रात ती कुठेच दिसत नाही. आमच्या शाखेत एवढी रक्कम बेपत्ता झाली असती तर तिसऱ्या दिवशी ऑडिटर येऊन बसला असता. फ्रीज तरी प्रामाणिक. पाठीमागे हात लावा, सगळी नोंद गरम गरम सापडते.

आता पाण्याची बाजू. आमचा पाण्याचा वीर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. घर्रघर्र करणारा, गुडघ्यातून गळणारा. त्याचं कॉमिक कोण काढणार? पण हिशोब पाहा. एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी उष्णता गिळतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना पाचशे ऐंशी! म्हणजे कूलरचं एक लिटर पाणी सात किलो बर्फाला भारी. माठ हेच काम विजेशिवाय करतो. फक्त हा वीर लढता लढता स्वतःच खर्च होतो. संध्याकाळी टाकी कोरडी, आणि विजेता हवेत.

"म्हंजे काका, पानी जिंकलं न?" पोट्टे म्हणाले. "पन बर्फ मारते जोरात!"

ते मात्र खरं. बर्फ जोरात मारतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारा पडल्या, तेव्हा उभा गहू, हरभरा झोपला आणि संत्र्यांचा खाली सडा पडला. एरवी पावसाच्या एका थेंबासाठी आभाळाकडे पाहणारं शिवार तेच पाणी गोठून आल्यावर मोडून पडलं. त्या दिवसांत पीककर्जाचं पासबुक पुढे करून एक म्हातारा मला म्हणाला, "साहेब, काही जमा झालं असन त पाहा न." मी पान उघडलं. जमेच्या बाजूला काही नव्हतं. मी उगाच दोनदा पाहिलं.

तेव्हापासून झुंजीत माझं मत पाण्याला. पोट्ट्यांना हा पक्षपात वाटतो, वाटू दे. माझी ॲक्वामॅनला अट एकच आहे. सातही समुद्रांचं राज्य त्याला लखलाभ, पण इकडे येताना दोन बादल्या गोडं पाणी घेऊन यावं. कूलरची टाकी रिकामी आहे आणि नळ परवा यायचा आहे.