तरंगती जमीन

हल्ली फ्लॅटमध्ये जी लाकडी जमीन दिसते, ती बहुतेक वेळा कशालाच चिकटवलेली नसते. खाली जुनी फरशी, तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम आणि वर एकमेकींत खटक्याने अडकवलेल्या लॅमिनेटच्या पट्ट्या. बस्स. ना खिळा, ना गोंद. खोलीभर एकच मोठा तक्ता, नुसता टेकवून ठेवलेला, म्हणून फ्लोटिंग फ्लोअर. लॅमिनेटची ही कल्पना स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीची, १९७७ सालची. सुरुवातीला पट्ट्या गोंदाने जोडायचे. १९९६-९७ च्या सुमारास खटक्याचे जोड आले आणि काम इतकं सोपं झालं की दोन माणसं एका दिवसात हॉल संपवतात.

आमचा पुण्यातला हॉलही एका दिवसात संपला. मे महिन्यात, कडक उन्हाळ्यात. आईच्या गुडघ्यांना व्हिट्रिफाइड टाइल्स गार लागतात म्हणून हा सगळा घाट. जुलैत जमीन बोलायला लागली. बाल्कनीजवळ कर्रर्र, पॅसेजमध्ये ठक, बेडरूमच्या दाराशी एक बारीक कुईकुई.

दिवसा ऐकू यायचं नाही, पण आमच्याकडे पहाट लवकर होते. आई-अण्णा वर्षातले चार महिने आमच्याकडे असतात, उरलेले गावी. गाव म्हणजे अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. (पूर्वी नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" असं विचारायचे. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मनोज जरांगे यांचं उपोषण आणि तिथला लाठीमार टीव्हीवर दिसला, तेव्हापासून नकाशा काढावा लागत नाही.) अण्णा आयुष्यभर चारला उठत आले. तोंड धुणं, चहा, मग येरझाऱ्या. त्या जुलैत ते साडेसहापर्यंत अंथरुणात पडून राहायला लागले. मला वाटलं, तब्येत बरी नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "लेकरू जागं होतंय. जमीन वाजती ना." पंचाहत्तरीचा माणूस स्वतःच्या मुलाच्या घरात पाय टाकायला घाबरतोय, हे काही मला सहन होईना.

ज्याने काम केलं त्याला फोन केला (नाव घेत नाही). "सर, सेट होईल." पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी तोडगा तयार होता: वाजतं तिथे बारीक भोक पाडून आत गोंद सोडायचा, नाहीतर दोन-चार स्क्रू मारून टाकायचे. ऐकायला पटतं. हलतंय म्हणून वाजतंय, तर हलू देऊ नका! पण पट्ट्यांच्या खोक्यातला निर्मात्याचा कागद काढून वाचला, तर त्यात बरोबर उलटं लिहिलेलं. ही जमीन कुठेही जखडू नका.

कारण साधं आहे. वरचा लाकडाचा रेषा म्हणजे छापील चित्र, पण आतला गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचाच. तो हवेतला ओलावा पितो. मे महिन्यातली पुण्याची दुपार आणि जुलैतला पावसाळी आठवडा यांत केवढा फरक! तक्ता फुगतो. भिंतीशी जागा असेल तर गुपचूप पसरतो, नसेल तर भिंतीला टेकतो, मधेच किंचित उचलला जातो आणि पाय पडला की खाली बसतो. तो कर्रर्र. गोंद घातला की त्या जागी आवाज थांबेल, पण ताण दुसरीकडे सरकेल.

मी हे अण्णांना समजावत होतो. त्यांनी मधेच तोडलं. "आरं, पावसात दार अडलं तर सुतार रंधा मारतो का खिळा ठोकतो?" मग बैलगाडीच्या चाकावर गेले. उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे खुळखुळतात, धाव ढिली होते, मग चाक पाण्यात टाकून ठेवायचं. मला जे समजायला कागदाची दोन पानं लागली ते त्यांना आधीच ठाऊक होतं. असो.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. आधी आवाजांचा नकाशा. अण्णा चालायचे, वाजलं की थांबायचे, मी तिथे मास्किंग टेपची फुली मारायचो. (बग आधी रिप्रोड्यूस करा, मग कोडला हात लावा. ऑफिसमध्ये हे कुणी ऐकत नाही.) तासाभरात फुल्या तीन ठिकाणी गोळा झाल्या.

बाल्कनीकडची स्कर्टिंग उपसली. पट्ट्या भिंतीला घट्ट टेकलेल्या, बोटाचं नखही जाईना. ढोबळ हिशेब असा की खोलीच्या दर मीटरला दीड मिलिमीटर जागा प्रत्येक बाजूला सोडायची, आणि काही झालं तरी आठ-दहाच्या खाली जायचं नाही. आमचा हॉल सहा मीटर, म्हणजे नऊ तरी हवी. ऑसिलेटिंग कटर भाड्याने आणला आणि कडेने दहा मिलिमीटरची पट्टी कापून काढली. कोपऱ्यात पटाशी. भुसा इतका की पंखासुद्धा लावता येईना.

बेडरूमच्या दाराशी तर कमालच. दाराचा स्टॉपर जमिनीतून आरपार खालच्या टाइलमध्ये स्क्रूने मारलेला! बाकी सगळी जमीन मोकळी असती तरी या एका स्क्रूने तिला तिथे धरून ठेवलं असतं. स्टॉपर काढला, भिंतीवर लावला. चौकटीची लाकडं खालून कापून पट्टीला आत सरकायला जागा केली. सोमवार-मंगळवारपर्यंत कर्रर्र आणि कुई दोन्ही गेले. लगेच जात नाहीत हे लक्षात ठेवा, तक्त्याला सैल व्हायला वेळ लागतो.

राहिला पॅसेजचा ठक. तो जखडल्याचा नाही, पोकळीचा आवाज. पुढच्या शनिवारी पॅसेजच्या पट्ट्या भिंतीकडून एकेक सोडवल्या, मागे पेन्सिलीने नंबर टाकत. दोन मीटरची ॲल्युमिनिअमची सरळ पट्टी फरशीवर आडवी ठेवली. चालतो तो खळगा दोन मीटरला तीन मिलिमीटर. मोजायला डेबिट कार्डं घ्या, एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटरचं असतं, म्हणजे चार कार्डं. आमच्या पट्टीखाली सात गेली. पाय पडला की पट्टी खळग्यात वाकायची, खटका खोबणीत घासायचा.

इथे पुष्कळ लोक फोमचा दुसरा थर घालतात. तसं करू नका. खाली जितकं मऊ तितकी पट्टी जास्त वाकते आणि शेवटी खटका तुटतो. आमच्या दोन पट्ट्यांचे तुटलेच होते. टाइल घासून, प्रायमर मारून लेव्हलिंग कंपाउंड ओतलं, रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस वाळू दिलं. तोवर सगळे गॅलरीवरून उड्या मारत स्वयंपाकघरात. तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी माळ्यावरच्या उरलेल्या खोक्यातल्या घातल्या. हे खोकं कुणी "घेऊन जातो" म्हणाला तरी देऊ नका. तोच रंग दोन वर्षांनी मिळत नाही.

जोडांमध्ये टाल्कम पावडर भरायचा उपायही आधी करून पाहिला होता. आठवडाभर घराला छान वास आला, इतकंच.

आता हॉलमध्ये कडक बुटांनी चाललं तर एक पोकळ टपटप येते. ती जाणार नाही, फोमवर टेकलेल्या तक्त्याचा तो स्वभावच आहे. तिथे आईने गावाकडची सतरंजी अंथरली आहे. बेडरूममधलं भिंतभर कपाट मात्र जमिनीवरच उभं आहे, पुस्तकांनी भरलेलं, आणि तेवढ्या वजनाने ती कड दबून धरली जात असणार. पुस्तकं कुठे हलवायची यावर घरात अजून एकमत नाही.