धनतेरसचा भार आणि प्रोसेसरचा हिशेब

जळगावच्या सराफ बाजारात गर्दीचे दिवस ठरलेले असतात. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, गुरुपुष्य, दसरा आणि सगळ्यांच्या वरताण धनतेरस. ज्या पेढीची संगणक व्यवस्था मी सांभाळतो, तिचं मुख्य दुकान आणि सर्व्हर रूम जळगावात, तर शाखा धुळ्याच्या आग्रा रोडवर. बिलिंग, दागिन्यांचे टॅग, डेटाबेस, हिशेब, मासिक बचत योजना अशा चाळीसेक व्हर्च्युअल मशीन जळगावच्या तीन होस्ट सर्व्हरवर चालायच्या. जीएसटी लागू झाला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, हे सर्व्हर घेतले होते. प्रत्येकात इंटेल झिऑन ई५-२६२० व्ही४ जातीचे दोन प्रोसेसर, एकेकात ८ कोअर, वेग २.१ गिगाहर्ट्झ. २०२३ मध्ये ते बदलायची वेळ आली आणि पहिलाच प्रश्न उभा राहिला : नवे प्रोसेसर किती ताकदीचे घ्यायचे?

पुरवठादाराने तीन होस्टचा प्रस्ताव दिला. प्रत्येकात ३२ कोअरचे दोन झिऑन गोल्ड ६४३०. आज एकूण ४८ कोअर आहेत, उद्या १९२ होतील, मग काळजीच नको, असं त्याचं म्हणणं. शेठनी कागद माझ्यापुढे ठेवला. ‘‘भाऊ, एवढं लागतं का आपल्याला?’’ मी म्हणालो, ‘‘शेठ, धनतेरस होऊ द्या. मोजून सांगतो.’’

मोजून सांगायचं, कारण हाताशी असलेला आलेख पुरेसा नव्हता. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या देखरेखीच्या प्रणालीत महिन्याचा आलेख दोन-दोन तासांच्या सरासरीचा असतो. त्यात आमचा प्रोसेसर वापर जेमतेम २२ टक्के दिसायचा. सोन्याच्या दुकानात मात्र गर्दी मुहूर्ताला उसळते आणि ओसरते, सरासरी तिला गिळून टाकते. दर २० सेकंदांची खरी नोंद व्हीसेंटर तासाभरापुरतीच ठेवतं. म्हणून होस्टवरच्या ईएसएक्सटॉप या मोजमाप साधनाची नोंद थेट फाइलमध्ये उतरवायची सोय आधीच केली.

१० नोव्हेंबर २०२३, धनतेरस. संध्याकाळी काउंटरपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही, त्यामुळे एकेका नगामागे नोंद तपासायची, वजन घ्यायचं, मजुरी लावायची, दोन लाखांपुढचं बिल असेल तर पॅन घ्यायचा. २०१७ मध्ये एका बिलामागे सर्व्हरला जेवढं काम पडायचं, त्याहून आता कितीतरी जास्त. धुळ्याहून फोन आला, ‘‘भाऊ, मशीन चालू शे, पन बिल निंघत नई.’’

त्या वेळी स्क्रीनवर तिन्ही होस्टचा मिळून वापर ६८ टक्के दिसत होता. म्हणजे एक तृतीयांश ताकद मोकळी, तरी बिल अडकलेलं. खरी गोष्ट ‘रेडी’च्या रकान्यात होती. व्हर्च्युअल मशीनचं काम तयार असतं, पण प्रत्यक्ष कोअर मिळत नाही, तेव्हा ती जितका वेळ ताटकळते तो रेडी टाइम. डेटाबेसच्या मशीनला ८ आभासी प्रोसेसर दिलेले होते आणि २० सेकंदांच्या आलेखात तिचा रेडी टाइम १६,००० मिलिसेकंद आला. २०,००० ने भागा, ८ ने भागा : प्रत्येक आभासी प्रोसेसर १० टक्के वेळ नुसता उभा. तिन्हींची सरासरी ६८ असली तरी डेटाबेसचा होस्ट नव्वदीला टेकला होता. त्याच होस्टवर रिपोर्टची एक जुनी मशीनही होती. तिलाही ८ आभासी प्रोसेसर, आणि काम मात्र एकाच्याही पुरतं नाही.

म्हणून खरेदीआधी छाटणी केली. कोणत्या मशीनला खरोखर किती लागतं ते नोंदीतून पाहिलं आणि एकूण १२० आभासी प्रोसेसर ८४ वर आणले. गरजेपेक्षा जास्त आभासी प्रोसेसर दिले की मशीन जलद होत नाही, उलट शेड्युलरला ते सगळे सांभाळावे लागतात आणि शेजारच्या मशीनचाही खोळंबा होतो. १० मे २०२४ ला आखाजी आली. दुकान तसंच तुडुंब, सर्व्हर तेच जुने, पण डेटाबेसचा रेडी टाइम ३ टक्क्यांच्या आत. एक रुपया न घालवता बिलं निघाली.

आता हिशेब मांडता आला. जुन्या तीन होस्टची एकूण ताकद ४८ गुणिले २.१, म्हणजे सुमारे १०० गिगाहर्ट्झ. धनतेरसचा शिखरभार त्यातला ६८. आमच्या बिलांच्या नोंदीवरून वर्षाला १० टक्के वाढ धरली, पाच वर्षांनी ११० च्या आसपास. एक होस्ट बंद पडला तरी उरलेल्या दोघांनी हा भार उचलायचा, तोही ८० टक्क्यांपलीकडे न जाता. म्हणजे दोघांत मिळून १३७, एकेका होस्टला सुमारे ६९ गिगाहर्ट्झ. १२ कोअरचे, २ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर ४८ वर थांबतात, ते बाद. १६ कोअरचे, २.५ गिगाहर्ट्झचे दोन झिऑन गोल्ड ६४२६वाय ८० देतात. प्रस्तावातले ३२ कोअरवाले १३४ देत होते, गरजेच्या जवळपास दुप्पट.

या हिशेबात तीन गोष्टी मी मुद्दाम धरल्या नाहीत. हायपरथ्रेडिंगचे दुप्पट दिसणारे धागे म्हणजे दुप्पट कोअर नव्हेत. टर्बोचा वेग सगळे कोअर कामाला लागले की खाली येतो. आणि नव्या पिढीचा कोअर त्याच गिगाहर्ट्झमध्ये जुन्याहून जास्त काम करतो, ती शिल्लक राखीव ठेवली.

१६ कोअरवालेच घ्यायच्या निर्णयाला दुसरी बाजू परवान्यांची होती. पूर्वी व्हीएमवेअरचा परवाना प्रोसेसरमागे होता आणि २०२० पासून एका परवान्यात ३२ कोअर बसायचे. त्या काळात ३२ कोअरचा प्रोसेसर घेणं शहाणपणाचंच होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं आणि कोअरवर मोजली जाणारी वर्गणी आणली. एका प्रोसेसरला किमान १६ कोअर मोजतात, आणि विंडोज सर्व्हरचा परवानाही कोअरवरच. म्हणजे १९२ कोअर घेतले असते तर १६ कोअरवाल्यांच्या ९६ च्या दुप्पट वर्गणी भरत राहिलो असतो, तीही न वापरलेल्या ताकदीसाठी. आमच्या कामालाही वेगवान कोअरच हवेत. एक बिल एका कोअरवरच धावतं, शेजारचे पन्नास कोअर मोकळे असून त्याला काही उपयोग नाही.

खान्देशातला उन्हाळा हाही हिशेबाचाच भाग. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. ६४३० चं रेटिंग २७० वॅट, ६४२६वाय चं १८५. तीन होस्टच्या सहा प्रोसेसरांत हा फरक ५१० वॅटचा पडतो. तेवढी वीज यूपीएसला द्यावी लागते आणि तेवढीच उष्णता एसीला बाहेर काढावी लागते.

धुळ्याचं गणित वेगळं मांडलं. जळगाव बंद पडलं तर तिथे सगळं चालायची गरज नाही. शेठबरोबर बसून यादी केली : बिलिंग, टॅग आणि डेटाबेस चाललेच पाहिजेत, रिपोर्ट आणि चाचणीच्या मशीन थांबल्या तरी चालेल. त्या यादीचा भार ३५ गिगाहर्ट्झ निघाला. जुना होस्ट तिथे पाठवला असता तर तो ३३.६ वरच संपत होता. म्हणून धुळ्यालाही त्याच मॉडेलचा एक नवा घेतला.

पावसाळ्यात अदलाबदल झाली. क्लस्टरवर ईव्हीसी, म्हणजे नव्या प्रोसेसरला जुन्याइतक्याच सूचना दाखवायला लावणारी सोय, जुन्या ब्रॉडवेल पिढीच्या पातळीला लावून चालू मशीन बंद न करता नव्या होस्टवर सरकवल्या. जुने होस्ट निघाल्यावर ईव्हीसीची पातळी वाढवली आणि रात्री एकेक मशीन बंद करून पुन्हा चालू केली, कारण तोवर नव्या प्रोसेसरच्या सूचना तिला मिळत नाहीत. २९ ऑक्टोबर २०२४ च्या धनतेरसला तिन्ही होस्टचा शिखरभार २५ टक्क्यांच्या आसपास होता आणि रेडी टाइम एका टक्क्याच्या आत.

२०१६-१७ च्या सुमाराला घेतलेले सर्व्हर आता ठिकठिकाणी बदलायला आलेत, पतसंस्थांत, रुग्णालयांत, डाळमिलमध्ये, कॉलेजांत. प्रत्येकाची एक धनतेरस असते. कुणाची मार्चअखेर, कुणाची तुरीच्या आवकेचा हंगाम, कुणाची प्रवेशाची शेवटची तारीख. त्या दिवसाची वीस-वीस सेकंदांची नोंद हातात घ्या, आधी फुगलेल्या मशीन छाटा आणि मगच खरेदीच्या ऑर्डरवर सही करा.