बालाघाटावरचा दिवेलागणीचा चहा

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे ते. सौताड्याचा धबधबा बघायचा तर श्रावणात जावं, सीताफळं खायची तर दसरा-दिवाळीला. मी गेले ती ऐन एप्रिलात, २०२४ साली, मामेबहिणीच्या सासरी. आणि तिथून जे घेऊन आले ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. तशी साधीच गोष्ट आहे, संध्याकाळचा एक कप गवती चहा. तोही बिनदुधाचा.

बीड सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर खजाना बावडी आहे. निजामशाहीत, सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर. तिच्यातून नहर काढून खालच्या शेतांना पाणी पोचवलेलं. दुष्काळातही हिचं पाणी हटत नाही, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. पुढं पाली, तिथला बिंदुसरा तलाव, मग घाट चढून मांजरसुंबा. इथं एक रस्ता केज-अंबाजोगाईकडं जातो, एक पाटोद्याकडं. आम्ही पाटोद्याची वाट धरली. माळावर सीताफळीच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. या सीताफळांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण एप्रिलात ते झाड ओळखून दाखवा म्हटलं तर माझी पंचाईतच झाली असती.

बहिणीच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. घरात शिरले तेव्हा उन्हं कलली होती. अंगण करपलेलं, पण न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं दीड-दोन हातांचा हिरवागार पट्टा! अळू, कडेला तुळस, आणि मध्ये गवती चहाचा हा एवढा झुबका. "त्याला वेगळं पाणी घालायला कुठून आणू?" मावशी म्हणाल्या. "आपण अंघोळ केली की त्याचीबी होती." साबणचुऱ्याचं पाणी मात्र त्या तिकडं जाऊ देत नाहीत. ते लांब माळावर फेकतात. डाळ-तांदळाचं धुवण आणि अंघोळीचं पाणी एवढंच झाडांना.

तुळशीची पानं त्यांनी ऊन असतानाच खुडून वाटीत ठेवली होती. दिवा लागल्यावर तुळशीला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा जुना नेम. त्यामुळे आपोआपच होतं असं, की पाणी चुलीवर चढण्याआधी अर्धा-पाऊण तास या चहाची तयारी सुरू झालेली असते. पानं खुडायची, धने ठेचायचे, दिवा लावायचा, हात जोडायचे, मग आधण. मला वाटतं निम्मी शांतता तिथंच मिळते. आपण शहरात पिशवी कपात बुडवतो आणि टीव्हीसमोर बसतो. मग कशाचा आराम?

आता कृती सांगते. चार कपांसाठी पाच कप पाणी. चमचाभर धने जाडसर ठेचून, अर्धा चमचा बडीशेप, आणि सुपारीएवढा गूळ. हे पाच-सात मिनिटं मंद उकळू द्यावं. गवती चहाची चार-पाच पाती घेऊन त्यांची गाठ मारावी, म्हणजे गाळताना त्रास नाही. ती गाठ आणि आठ-दहा तुळशीची पानं टाकून लगेच भांडं उतरवावं आणि झाकण ठेवावं. गवती चहाचा सगळा जीव त्याच्या वासात. उघडं उकळत ठेवलं की तो घरभर जातो, कपात येत नाही. पाच मिनिटांनी गाळावा. चहाची पूड अजिबात नाही, म्हणून रात्री झोप उडत नाही. पाती ज्या वाटीभर पाण्यात धुतली ते पाणी परत झाडाला, हे विसरू नका.

दूध का नाही, हे मी विचारलं. गूळ आणि दूध एकत्र उकळलं तर फाटतं, ते तर आपल्याला ठाऊकच आहे. पण मावशींचं कारण निराळं होतं. उन्हाळ्यात म्हैस आटते, असेल ते दूध डेअरीला जातं. शिवाय, "दुधाच्या पातेल्याला धुवायला तांब्याभर पाणी लागतं बाई. ह्याला ओंजळभर पुरं." इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण भांडं धुण्याच्या हिशेबानं पदार्थ ठरवायचा हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

करोनाच्या दिवसांत आपण सुंठ-मिरी-दालचिनीचे काढे ओतून ओतून प्यायलो. तो प्रकार वैशाखात करू नका, छातीत जळजळ होईल. उन्हाळ्यात धने-बडीशेप बरी. ज्येष्ठमध गोड म्हणून रोज घालायचा मोह होतो, पण रक्तदाब असणाऱ्यांनी तो टाळावा. मधुमेह असेल तर गूळ वगळा, पोटुशी असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चहा ओतताना शेजारची सून येऊन उंबऱ्याशी टेकली. पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीहून परत आलेली. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा 'कोयता' निघतो, तो पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि पाच-सहा महिने तिकडंच.

"झोप लागायली का आता?" मावशींनी विचारलं.

"कुठली काकू. पहाटं तीनला डोळा उघडतोच. फडावर कोण हाक मारतंय वाटतं."

तिकडचा चहाही बिनदुधाचाच, पण काळाकुट्ट, डोळे उघडे ठेवण्यासाठी प्यायचा. मावशींनी तिला आपल्याआधी कप दिला. ती दोन्ही हातांनी धरून नुसता वास घेत बसली. मग हळूच म्हणाली, की पिशवी काढल्यापासून रात्री अंगाची आग होते, घामानं लुगडं भिजतं. वय विचारलं. तिशीसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, हे एकटीचं नाही. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अशा तळमळीला गवती चहा हे औषध नव्हे, आणि मावशींनीही तसं सांगितलं नाही. "आज हे पी. सोमवारी मी येते तुझ्यासंगं, सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरला दाखवू," एवढंच म्हणाल्या. तुमच्या ओळखीत, घरी कामाला येणाऱ्यांत अशी कोणी असेल तर तिलाही एकटीला पाठवू नका. आणि पिशवी काढायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू देऊ नका.

तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा झाला. कप तसेच झाकून आम्ही सगळ्या घागरी-कळशा घेऊन धावलो, मीसुद्धा. परत आलो तेव्हा चहा कोमट झाला होता. तो तसाच प्यायलो, अंगणात, ओल्या पदरानिशी.

निघताना मावशींनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक मुळी दिली. ती आता माझ्या गॅलरीत आहे. तांदळाच्या धुवणावर छान फुटवे धरतेय.